सावली कुणाच्या वाट्याला? दिल्लीच्या रस्त्यांवरील झाडांचा इतिहास

पावसाळा तोंडावर आला की वर्तमानपत्रांत वृक्षारोपणाच्या छायाचित्रांचा पूर येतो. खणलेला खड्डा, त्यात हातभर रोप, हातात झारी धरलेले साहेब आणि भोवती गर्दी. पुढच्या उन्हाळ्यात ते रोप वाळते आणि त्या पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यात नवे रोप लागते. यावर आपण विनोद करतो आणि विसरून जातो. पण रस्त्यावरचे झाड हा शहराच्या कारभाराचा मोठा खरा साक्षीदार असतो. ते लावायला एक सकाळ पुरते, जगवायला एक पिढी लागते. त्या पिढीभरात त्याला पाणी कोण घालतो, मुळांभोवतीची माती कोण मोकळी ठेवतो, फांदी कुणाच्या हुकमाने कापली जाते, हे पाहिले की शहर कुणासाठी चालवले जाते ते कळते.

इतिहास वाचताना मला एक गोष्ट वारंवार दिसत आली आहे. रस्त्याचे झाड तिथेच टिकले, जिथे पाण्याची, मातीची आणि माणसाची सोय आधी केली गेली. आणि ही सोय कुणाच्या दारात व्हायची, हे त्या त्या काळच्या सत्तेने ठरवले. याचा सर्वांत स्पष्ट दाखला दिल्लीत मिळतो. तिथे काही किलोमीटरच्या अंतरावर दोन शहरे आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी एका शहराची झाडे तोडली गेली आणि लगोलग दुसऱ्या शहरासाठी झाडांचे नकाशे तयार झाले.

झाडासोबत विहीर

रस्त्याच्या कडेने झाडे लावण्याची आपल्याकडची परंपरा फार जुनी आहे. सम्राट अशोकाच्या स्तंभलेखात माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्याकडेला वड लावल्याची नोंद आहे. त्याच लेखात आमराया, विहिरी आणि विश्रामस्थळे यांचाही उल्लेख येतो. झाड आणि पाणी यांची अशी सोबत पुढेही दिसते. सोळाव्या शतकात शेरशाह सूरीने बंगालपासून सिंधपर्यंतच्या वाटा दुरुस्त केल्या. त्याच्या कारकिर्दीचा इतिहास लिहिणाऱ्या अब्बास खान सरवानीने दर दोन कोसांवरच्या सराया, त्यांतल्या विहिरी आणि वाटेच्या दोन्ही बाजूंच्या फळझाडांची नोंद केली आहे.

जहांगीर बादशाह तर आपल्या आत्मचरित्रात हा हिशेबच देतो. आग्र्यापासून अटकेच्या नदीपर्यंत आणि दुसरीकडे बंगालपर्यंत रस्त्याच्या दुतर्फा झाडे लावण्याचा हुकूम त्याने दिला होता. त्यानंतर १६१९ मध्ये आग्रा ते लाहोर या वाटेवर दर कोसाला मिनार आणि दर तीन कोसांवर विहीर बांधण्याचा हुकूम निघाला. कोस मिनार आजही हरियाणा-पंजाबच्या शेतांत उभे आहेत. वाटसरू, जनावर आणि झाड या तिघांचेही पाणी रस्त्याच्या आराखड्यातच होते, ही त्यातली समजून घेण्याची बाब आहे. सराईत माणूस नेमलेला असे, त्याच्या पोटापाण्याची तजवीज असे, आणि त्याच्या नजरेसमोर ती झाडे वाढत.

आपल्याकडे मराठेशाहीत रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात झाडांविषयी जे लिहिले आहे, त्याचा आशय अनेकांना ठाऊक असेल. आरमाराला लाकूड लागले तरी रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, कारण ते काही वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ते पोटच्या पोरासारखे वाढवलेले असतात. जीर्ण झालेले झाड घ्यायचेच असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेला हा राज्यकारभाराचा दस्तऐवज झाडाकडे कुणी तरी राबून वाढवलेली वस्तू म्हणून पाहतो. झाडामागे माणसाची मेहनत असते, हे त्यात गृहीत धरलेले आहे. आजच्या कारभारातून नेमके हेच गृहीतक गळून पडले आहे.

चांदणी चौकातली नहर

शाहजहानने १६३९ मध्ये यमुनेच्या काठी शाहजहानाबादची तामीर सुरू केली. या शहराचा पाणीपुरवठा बराचसा एका जुन्या कालव्यावर उभा होता. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात यमुनेचे पाणी कालव्याने वळवले होते. तो कालवा पुढे गाळाने भरला. शाहजहानच्या काळात तो दुरुस्त करून शहरात आणला गेला आणि या कामाशी अली मर्दान खान या अमीराचे नाव जोडलेले आहे. त्याचा एक फाटा लाल किल्ल्यात गेला, दुसरा चांदणी चौकाच्या मधोमध वाहू लागला.

चांदणी चौक ही शाहजहानची मुलगी जहांआरा बेगम हिची कल्पना. १६५० च्या सुमारास तिने हा बाजार, प्रवाशांसाठी सराय आणि मागे मोठी बाग उभी केली. बाजाराच्या मध्यभागी हौद होता, रस्त्याच्या मधून नहर वाहत होती आणि नहरीच्या दोन्ही काठांवर झाडांच्या रांगा होत्या. इथे झाडांची निगा राखण्याचे वेगळे खाते शोधायची गरज नाही. नहर वाहती ठेवणे हे राज्याचे काम होते आणि नहर वाहती असली की काठचे झाड आपोआप जगत होते. दिल्लीच्या उन्हाळ्यात, जेव्हा लू वाहते, तेव्हा या रांगांखाली अमीराची पालखी थांबे आणि भिश्ती आपली मशकही टेके.

मुघल सत्ता खिळखिळी झाली तशी नहरही कोरडी पडली. इंग्रजांनी १८२० च्या सुमारास कालवा पुन्हा चालू केला, तेव्हा दिल्लीकरांनी आनंदाने त्या पाण्याचे स्वागत केले होते. मग १८५७ उजाडले. बंड मोडून काढल्यावर इंग्रजांनी शहर रिकामे केले. मुसलमानांना परत येऊ देण्यात सर्वांत जास्त आडकाठी झाली. जामा मशीद जप्त झाली आणि १८६२ मध्ये परत मिळाली. किल्ल्याभोवतालचे मोहल्ले जमीनदोस्त करून तोफांसाठी मोकळे मैदान तयार केले गेले. जहांआराची सराय पाडून तिथे टाऊन हॉल आला. तिच्या बागेला राणीचे नाव मिळाले. मधल्या हौदाच्या जागी घड्याळाचा मनोरा उभा राहिला. नहर बंद झाली आणि तिच्या जागी रस्त्याच्या मधून उंच पादचारी मार्ग तयार झाला.

तरीही झाडे राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काढलेल्या छायाचित्रांत चांदणी चौकाच्या मधोमध झाडांची घनदाट रांग दिसते. त्यांच्या सावलीत खोमचेवाले, पाणी पाजणारे, किस्से सांगणारे, नुसतेच बसलेले लोक. पाणी गेले, बादशाही गेली, पण मुळे खोल गेलेली होती.

इकडे तोड, तिकडे लागवड

डिसेंबर १९११ मध्ये दिल्लीत पंचम जॉर्जचा दरबार भरला आणि राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली. या दरबाराच्या आगेमागे चांदणी चौकातला मधला मार्ग उखडला गेला आणि त्यावरचे पिंपळ तोडले गेले. अहमद अली यांच्या ‘ट्वायलाइट इन दिल्ली’ या १९४० मध्ये आलेल्या इंग्रजी कादंबरीत या तोडीचे दुःख नोंदवलेले आहे. त्यात जुन्या दिल्लीतले एक घराणे केंद्रस्थानी आहे. शहरात बरेच काही बदलत असते, पण चांदणी चौक विद्रूप झाला ही गोष्ट लोकांच्या जिव्हारी लागते. कादंबरीला इतिहासाचा पुरावा मानण्याची घाई मी करणार नाही, पण लोकांच्या मनात काय सलत होते, ते सांगायला तिच्याइतका चांगला साक्षीदार नाही.

त्याच सुमारास रायसिना टेकडीच्या बाजूला नव्या राजधानीची आखणी सुरू झाली. एडविन ल्युटियन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नकाशात झाडे ही रस्त्याइतकीच महत्त्वाची होती. वनखात्यातले पी. एच. क्लटरबक यांनी झाडांच्या जातींवर काम केले. विल्यम मस्टो या उद्यानतज्ज्ञाने प्रत्यक्ष लागवड पाहिली. हुमायूनच्या मकबऱ्याशेजारी, जिथे मुघल काळातली बाग होती, तिथे रोपवाटिका तयार झाली. आज आपण तिला सुंदर नर्सरी म्हणून ओळखतो. बाहेरची आणि इथली झाडे दिल्लीच्या हवेत तगतात का, हे तिथे तपासले जाई.

मग एकेका रस्त्याला एकेक झाड ठरले. अकबर रोडला चिंच, आजच्या जनपथला अर्जुन, तर राजपथाच्या, म्हणजे आजच्या कर्तव्यपथाच्या हिरवळीवर जांभूळ. यातली बहुतेक झाडे इथलीच, सावकाश वाढणारी आणि दीर्घायुषी. नव्या दिल्लीत बागांसाठी आणि झाडांसाठी न गाळलेल्या पाण्याची वेगळी वाहिनीही टाकली गेली. पदपथाला रुंद जागा मिळाली, मुळांना माती मिळाली, माळी नेमले गेले. जे काम जहांआराच्या चौकात नहर करत होती, ते इथे नळ करू लागला.

या सौंदर्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. त्या झाडांखालून चालताना मलाही बरे वाटते. पण ही सावली कुणासाठी होती, हेही त्याच नकाशात लिहिलेले आहे. नव्या दिल्लीत अधिकाऱ्याच्या पदानुसार बंगल्याची जागा आणि आकार ठरत होता. पद जितके मोठे, तितके अंगण मोठे. पाच-सहा किलोमीटरवरच्या जुन्या शहरात मात्र गर्दी वाढत होती. तिच्या सर्वांत मोठ्या रस्त्यावरची सावली नुकतीच काढून घेतली गेली होती आणि त्या बदल्यात तिथे काही लावण्याचा तितका मोठा आराखडा कुणी केला नाही.

त्रेचाळीस चौरस किलोमीटर

१९४७ मध्ये सत्ता बदलली, पण सावलीची वाटणी फारशी बदलली नाही. नवी दिल्ली नगरपालिका परिषदेचा इलाखा सुमारे ४३ चौरस किलोमीटरचा आहे. संपूर्ण दिल्लीचे क्षेत्रफळ १,४८३ चौरस किलोमीटर. म्हणजे सुमारे तीन टक्के भूभागाला स्वतंत्र संस्था, स्वतंत्र उद्यान विभाग आणि शंभर वर्षांपूर्वीची आखणी लाभली. पावसाळ्याच्या तोंडाशी या भागात जांभळे पिकतात, ती उतरवण्याचे ठेके दिले जातात आणि ठेकेदाराची कुटुंबे झाडाखाली चादरी ताणून फळे झेलतात. ज्या झाडाचा कुणाला तरी हिशेब ठेवावा लागतो, त्याच्याकडे कुणाचे तरी लक्ष असते.

उरलेल्या दिल्लीत रस्ता एका खात्याचा, पदपथ दुसऱ्याचा, गटार तिसऱ्याचे, वीजतारा चौथ्याच्या आणि झाड तोडण्याची परवानगी वनखात्याची. झाड वाळले तर पाचही जण एकमेकांकडे बोट दाखवू शकतात.

जून महिन्यात दुपारी जामा मशिदीकडून चांदणी चौकात चालत गेलो की मला हा इतिहास पायाखाली जाणवतो. २०२१ मध्ये चांदणी चौकाचे नूतनीकरण पूर्ण झाले. दिवसा मोटारगाड्यांना बंदी आली, लाल दगड बसले, बसायला जागा झाल्या. हे चांगले झाले. पण मोठ्या झाडांची सलग सावली परतली नाही. दगड तापतो, हातगाडी ओढणारा डोक्यावर ओला गमछा टाकतो. तिथून मेट्रोने काही मिनिटांत जनपथ गाठले की अर्जुनाच्या झाडांखाली अंगाला लागणारी हवाच वेगळी असते. तिकिटाचे पैसे ज्याच्याकडे नाहीत, त्याच्या वाट्याला तो दगड येतो.

गळ्याभोवतीचे सिमेंट

दिल्लीत १९९४ मध्ये वृक्ष जतन कायदा झाला. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही आणि परवानगी मिळाल्यास बदल्यात झाडे लावावी लागतात. पण रस्त्यावरचे झाड कुऱ्हाडीपेक्षा सावकाश मरते. झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या थरात, फांद्यांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत पसरलेली असतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. पदपथ सुशोभित करताना बुंध्यापर्यंत सिमेंट आणि टाइल्स आणल्या की पाऊस गटारात जातो आणि मुळे गुदमरतात. केबलसाठी चर खणताना आधार देणारी मुळे एका बाजूने कापली जातात. तारांना अडथळा नको म्हणून फांद्याही एकाच बाजूने छाटल्या जातात. मग एका वादळात झाड कोसळते आणि आपण म्हणतो, झाड धोकादायक होते. ३० मे २०२२ च्या वादळात दिल्लीत शेकडो झाडे उन्मळून पडली.

याविरुद्ध आवाज उठवला तो नागरिकांनी आणि तो ऐकला न्यायालयांनी. एप्रिल २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्यापासून १ मीटरच्या आतले काँक्रीट काढण्याचा आणि झाडांवरचे फलक, जाहिराती, तारा हटवण्याचा आदेश दिला. ठरावीक घेराच्या फांद्या विनापरवानगी छाटण्याची मुभा देणारी मार्गदर्शक तत्त्वे मे २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली. तो निर्णय देणारे न्या. नजमी वझिरी यांची ओळखच अशी होती की, न्यायालयाचा अवमान करणाऱ्यांना ते झाडे लावायला आणि जगवायला लावत. न्यायालयाने असे लक्ष घातले याचे समाधान आहेच. पण बुंध्याभोवतीची मीटरभर माती मोकळी ठेवा, एवढे सांगायला लवादाची वेळ यावी, हे कारभाराचे अपयश आहे.

आपल्या दारात

दिल्लीची ही कथा मुंबईला लागू पडते. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये मुंबईत सुधार न्यास स्थापन झाला. दाटीवाटीच्या वस्त्यांतली घरे पाडणे, रुंद रस्ते काढणे आणि उत्तरेला नव्या वसाहती आखणे ही त्याची कामे होती. दादर-माटुंगा हा त्यातलाच इलाखा. तिथे मंचेरजी जोशी यांनी १९२० च्या दशकात पारशी कॉलनी उभी केली आणि एकेका रस्त्याला एकेका जातीचे झाड दिले. फारसी महाकवीचे नाव लावणाऱ्या फिरदौसी रोडवरच्या महोगनीच्या रांगा आजही त्याची साक्ष देतात. इथे आखणीइतकेच रहिवाशांचेही श्रेय आहे. झाड आपल्या दारातले आहे आणि त्याला हात लावण्याआधी आपल्याला विचारले पाहिजे, हा हक्क त्यांनी सोडला नाही.

दुसरीकडे मोहम्मद अली रोड, भेंडी बाजार, डोंगरी बघा. डोक्यावरून उड्डाणपूल जातो. खाली माणसे, हातगाड्या आणि दुकाने. इथल्या लोकांना झाडे नकोत, असे कुणी म्हणत असेल तर त्याने रमजानच्या एखाद्या उन्हाळी दुपारी या रस्त्यावर तासभर उभे राहावे. झाडाला लागते ती चार फूट मातीच इथे शिल्लक ठेवली गेली नाही.

महाराष्ट्राचा कायदा दिल्लीपेक्षा जुना, १९७५ चा. त्याच्या नावातच ‘संरक्षण व जतन’ हे शब्द आहेत. प्रत्येक पालिकेत वृक्ष प्राधिकरण आणि दर पाच वर्षांनी वृक्षगणना ही त्याची देणगी. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष मानले. तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावून ती सात वर्षे जगवण्याची अटही आली. तरतूद चांगली आहे. पण भरपाईची झाडे जिथे जागा असेल तिथे लागतात. डोंगरीतले झाड गेले आणि त्याच्या बदल्यात शहराच्या वेशीवर पन्नास लागली, तर कागदावर शहर हिरवे होते आणि डोंगरीची सावली कायमची जाते. मुंबई महापालिकेच्या २०१८ च्या गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे मोजली गेली. त्यातली रस्त्याकडेची जेमतेम १ लाख ८५ हजार, म्हणजे शंभरातली सहा. बाकीची खासगी आवारांत, सरकारी जागांत आणि उद्यानांत. ज्याच्याकडे आवार नाही, घराला गच्ची नाही, ज्याचे कामच रस्त्यावर आहे, त्याच्यासाठी ही सहाच आहेत.

हिशेब कशाचा मागायचा?

जुन्या काळाचे गोडवे गाण्यासाठी मी हा इतिहास लिहिलेला नाही. बादशाहांनी लावलेल्या झाडांखालूनच त्यांच्या फौजाही गेल्या, आणि नहरीचे पाणी आधी किल्ल्याला मिळत असे. पण त्या व्यवस्थांत एक व्यवहारी शहाणपण होते. झाड लावायचे तर विहीर खणायची आणि विहिरीवर माणूस ठेवायचा. इंग्रजांनी नवी दिल्ली वसवताना हेच केले, फक्त ते स्वतःच्या दारात केले. स्वातंत्र्यानंतर हे शहाणपण सगळ्या दारांपर्यंत पोहोचवणे हे आपले काम होते. आपण रोपांची संख्या वाढवली आणि माणूस ठेवायचे विसरलो.

म्हणून यंदा आपल्या प्रभागात वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठरला, तर नगरसेवकाला किती रोपे लावणार हे विचारू नका. तीन वर्षांपूर्वी आपल्या गल्लीत लावलेल्यांपैकी किती उभी आहेत, ते विचारा. मार्च ते जून या काळात त्यांना पाणी घालणारा टँकर कोणत्या वारी येतो, बुंध्याभोवतीची माती मोकळी ठेवण्याचे काम कोणत्या कर्मचाऱ्याकडे आहे आणि त्याचा पगार कोणत्या खात्यातून निघतो, तेही विचारा. आणि ज्या गल्लीत एकही झाड नाही, तिच्यासाठी रस्त्याच्या पुढच्या आराखड्यात किती माती सोडली आहे, तेही विचारून ठेवा. रस्ता एकदा काँक्रीटचा झाला की पुढची तीस वर्षे हा प्रश्न विचारायला जागाच उरत नाही.